परत येण्याची हमी

दापोडी
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

स्वरूपा,

हे पत्र 'हमरस्ता' नाट्यगटाच्या वतीने लिहिते आहे. मजकूर गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवला आहे. तुझा पत्ता तुझ्या आईने, रुक्मिणीकाकूंनी दिला. त्यांनी फोन नंबरही देऊ केला होता, मी घेतला नाही.

वेल्डरविकच्या रस्तानाट्य महोत्सवाचं आमंत्रण पुन्हा आलं आहे. महोत्सव चालवणाऱ्या मार्गाबाई तुला आठवत असतीलच. ऑगस्टमध्ये आठ जणांनी 'नाका' हे नाटक घेऊन यावं असं त्यांनी कळवलं आहे. मजूर नाक्यावर काम मिळण्याची वाट बघणाऱ्या माणसांचं, शब्दांशिवायचं नाटक आहे.

तू गेल्यावर इकडे काय झालं ते तुला कळायला हवं. २०१६ मध्ये आपण नऊ जण तिकडे गेलो आणि आठ जण परत आलो. सगळे परत येतील अशी लेखी हमी गटप्रमुख म्हणून मी दिली होती. तू आम्हा कोणालाही काही न सांगता मागे राहिलीस. २०१८ ला आमचे सगळ्यांचे व्हिसा नाकारले. २०२२ ला पुन्हा नाकारले. दोन्ही वेळा कारण तेच: अर्जदार मुदतीत परत येतील याची खात्री वाटत नाही.

ठरलं होतं असं की, एकदा त्यांनी यायचं, एकदा आपण जायचं. अकरा वर्षांत ते तीनदा आले. आपण एकदाच गेलो. तरी प्रत्येक पत्रकावर 'सांस्कृतिक देवाणघेवाण' असंच छापलं जातं.

गटाची मागणी एवढीच आहे. तिथे राहण्याचा निर्णय तुझा एकटीचा होता, गटाचा त्यात हात नव्हता, असं सहीनिशी लिहून पाठव. ते आम्ही अर्जांना जोडू. रविराजने एक वाक्य जसंच्या तसं घालायला सांगितलं आहे: "नऊ वर्षं आम्ही तुझं केलेलं भोगतोय, आता एक कागद तरी दे."

माहेनूर शेख
गटप्रमुख

*

दापोडी
गुरुवार, १३ मार्च

स्वरूपा,

मागचं पत्र वाचून तू हसली असशील, नाहीतर फाडून टाकलं असशील. 'कोणालाही काही न सांगता.' ते वाक्य लिहिताना माझ्यासमोर सात माणसं बसली होती. मोठ्याने वाचताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. नऊ वर्षांच्या सवयीने सगळं जमतं.

हे पत्र माझं एकटीचं आहे. फोनवर मी भांडले असते. पत्रात निदान खोडता येतं.

त्या सकाळी वसतिगृहाच्या जिन्यात तू माझ्याकडे पासपोर्ट मागितलास. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या पिशवीत होते. सिमकार्ड घ्यायचंय म्हणालीस. सिमकार्डं आपण पहिल्याच दिवशी घेतली होती, तुझं कार्ड तर मीच फोनमध्ये घालून दिलं होतं. परत गेल्यावर बाराव्या दिवशी पुनावळ्याच्या त्या प्लॉटिंगवाल्याशी तुझं लग्न होतं. साखरपुड्याला तुझ्या भावाने तुझा दंड कसा धरून ठेवला होता ते मी पाहिलं होतं. तू विचारलंस, "माही, तुला त्रास होईल का?" आणि मी म्हटलं, "सिमकार्डाचा कसला त्रास?"

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मला वाटलं होतं, वर्षभर बोंब होईल आणि मग सगळे विसरतील. व्हिसा कचेरी विसरत नसते हे मला कुठे ठाऊक होतं.

मी गटाला सांगितलं असतं तर गट तेव्हाच मोडला असता. निदान मी माझी अशी समजूत घातली. खरं एवढंच की, सगळे तुला बोलत होते आणि मला कोणी बोलत नव्हतं. मला ते सोयीचं होतं.

रोजे चालू आहेत, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं असतं. अजून चाकणला त्याच कंपनीत आहे, गाड्यांचं वायरिंग तपासायचं तेच काम. गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी तालीम. तीसुद्धा सगळ्यांची शिफ्ट जुळली तर. शाळेचा हॉल मिळतो, पण पोरांच्या परीक्षा लागल्या की व्हरांड्यात. जाण्याआधी इथे एक प्रयोग करावा म्हणून एका ट्रस्टच्या सभागृहाची तारीख घेतली होती. काल त्यांचा माणूस म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी साहेबांचा सत्कार आला, तुमचं नाटक रस्त्यावरचंच आहे ना, मग रस्त्यावर करा की."

मला या शहराचं हेच कळत नाही. कारखान्यांत रोज जर्मन येतात, कोरियन येतात. त्यांना हॉटेलं, गाड्या, दुभाषे सगळं मिळतं. नाटकवाले आले की त्यांना रुक्मिणीकाकूंची पुढची खोली आणि माझ्या अम्मीच्या हातचा डबा. २०२३ ला पाच जण आले होते. मार्गाबाई तीन आठवडे तुझ्या आईच्या घरी, तुझ्या कॉटवर झोपल्या. काकूंनी त्यांना ज्वारीची भाकरी थापायला शिकवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. शेवटच्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "बाई चांगली हाय. पण तिकडून येणारी दरवेळी दुसरीच असती."



तो कागद पाठव. काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

माही

*

दापोडी
गुरुवार, २४ एप्रिल

स्वरूपा,

तुझा लिफाफा मिळाला. पाच ओळी, इंग्रजीत, खाली सही. मी दोन पत्रं लिहिली होती. उत्तर एकालाच आलं.

'मी खोटं कारण सांगून पासपोर्ट घेतला. गटप्रमुखांना माझ्या हेतूची कल्पना नव्हती.'

हे तुला लिहायला कोणी सांगितलं होतं? निर्णय माझा होता, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. तेवढं तर खरंही होतं. तू मला वाचवायला निघालीस. खरं सांगू, मला त्याचा रागच आला. मी खोटं बोलत होते ते माझ्यापुरतं होतं, आता त्यावर तुझी सही आहे.

गटाला मात्र आनंद झाला. रविराजने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बघा ताई, तुम्हाला कसं फसवलं तिने." वर्षाली गटात तीन वर्षांपूर्वी आली, तिने तुला पाहिलेलंही नाही. तीच म्हणाली, "पण लिहून तरी दिलं ना त्यांनी."

मी तो कागद अर्जांना जोडला. जोडायला नको होता हे मला कळत होतं.

माही

*

दापोडी
गुरुवार, १९ जून

स्वरूपा,

सात जणांचे व्हिसा आले. कोंडीरामअण्णांचा नाकारला.

तू अण्णांना ओळखत नाहीस. निघोज्याचे आहेत, त्रेसष्ट वर्षांचे. हलगी वाजवतात. 'नाका' नाटकात शब्दच नाहीत, जे काही बोलायचं ते अण्णांची हलगी बोलते. माणूस उभा राहतो, बसतो, मुकादमामागे धावतो, सगळं तिच्या ठेक्यावर. अण्णांशिवाय ते नाटक म्हणजे सात माणसांचं रस्त्यावर उभं राहणं.

मुंबईला मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी बरोबर गेले होते. आत जाता आलं नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी सांगितलं ते असं. दुभाष्याने विचारलं, परत याल याचा पुरावा काय? अण्णा म्हणाले, "बायकू हाय. दोन म्हशी हायेत." नोकरीचा कागद? न्हाई. बँकेत पगार? न्हाई. जमीन? "व्हती. कंपनीत गेली. आता तिथं गाड्यांचे दरवाजे बनत्यात." मग दुभाष्याने विचारलं, तिकडे राहावंसं वाटलं तर? अण्णा म्हणाले, "साहेब, मी निघोजं सोडून चाकणला बी मुक्काम केला न्हाई."

नकाराच्या कागदावर लिहिलं होतं, मायदेशाशी पुरेसे बंध दिसत नाहीत. अण्णांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी दोन-तीन तऱ्हेने सांगून पाहिला. त्यांना तो पटेना. शेवटी म्हणाले, "म्हंजी त्यांना वाटतंय, माझं हितं कोनी न्हाई?"

परतीच्या बसमध्ये तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढून बघितला. मला त्या कचेरीचा राग होता, तुझा होता, माझा तर होताच. कुठला कुणाचा हे सांगता येत नव्हतं. एकदा एक माणूस मागे राहिला म्हणून ते आता प्रत्येकाला खरवडून बघतात, आणि खरवडल्यावर ज्याच्याकडे कागद नाही तोच उघडा पडतो. ज्याला कुठे जायचंच नव्हतं त्याला अडवलं.

मार्गाबाईंना कळवलं. त्यांचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. त्यांनी वरपर्यंत प्रयत्न केले म्हणतात, आणि ते खरं असेल. खाली लिहिलंय, हलगी रेकॉर्ड करून आणता येईल का? चांगल्या स्पीकरची सोय त्या करतील.

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "लावा की. लग्नात बी आता रेकॉर्डच वाजत्यात." आणि हलगी पिशवीत घालून निघून गेले.

माही

*

दापोडी
गुरुवार, १० जुलै

स्वरूपा,

मी सांगून टाकलं.

सांगायचं ठरवलं नव्हतं. मागच्या गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. अण्णा येत नव्हते, म्हणून मोबाइलवर हलगी लावून करत होतो. दोनदा मध्येच कुणाचा तरी फोन वाजला आणि नाटक थांबलं. सगळे वैतागले होते. रविराज तर रात्रपाळी करून, कंपनीच्या पेंट शॉपमधून तसाच आला होता. तेवढ्यात काकू आल्या. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मला म्हणाल्या, "माही, स्वरूपाला एवढं दे गं. तिकडं तसलं तिखट मिळत न्हाई म्हणती."

मी हात पुढे करायच्या आत रविराज बोलला. "काकू, तुमच्या पोरीची हमाली आम्ही नाही करणार. तिच्यामुळे आज अण्णा घरी बसलेत. लोकांना फसवून राहिली, आता चटणी पाहिजे?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "बरं बाबा," म्हणाल्या, "राहू दे." डबा पदराखाली घेतला आणि वळल्या. तुझी आई आता गुडघे धरून चालते, दारातल्या तीन पायऱ्या उतरायला तिला किती वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ मी बघत उभी होते.

पायऱ्या उतरून झाल्यावर माझ्या तोंडून निघालं, "तिने मला फसवलं नाही. पासपोर्ट मी दिला. ती राहणार हे मला माहीत होतं."

मग वर्षाली म्हणाली, "ताई, मग तो कागद?"

"खोटा आहे. मला वाचवायला लिहिलाय."

रविराज भिंतीला टेकून खाली बसला. "नऊ वर्षं, ताई. नऊ वर्षं आमच्याबरोबर तिला शिव्या घालत होतात तुम्ही."

"मी शिव्या घातल्या नाहीत."

"गप्प बसत होतात. तेच की."

तेच होतं. मी नाही म्हटलं नाही. तो पुढे जे बोलला ते लिहीत नाही, त्यातलं निम्मं खरं होतं. २०१८ ला त्याने त्या प्रवासासाठी नोकरी सोडली होती, तुला माहीत नसेल. कंपनी दहा दिवसांची रजा देईना. व्हिसा आला नाही आणि नोकरीही गेली. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर तुला दोष देऊन आले होते.

मी म्हटलं, तो कागद परत घेऊ, सगळं खरं लिहून कळवू. तर म्हणाला, "आता राहू द्या. सात माणसांचं घालवून तुम्हाला खरं बोलायचंय का?" खरं बोलायचीसुद्धा वेळ असते आणि माझी टळून गेली होती.

मग मतं घेतली. तुमच्या सहीवर आम्ही जाणार नाही, असं ठरलं. गटप्रमुख रविराज. माझी भूमिका काढून टाकायची. पाच हात वर झाले. वर्षालीने हात वर केला नाही. माझ्या बाजूने होती असं तरी कसं म्हणू, ती रडत होती.

मी निघाले ती चाकणची बस धरून थेट निघोज्याला गेले, अण्णांकडे. का, ते माहीत नाही. अण्णा गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी म्हशीपुढचा कडबा सारखा केला आणि म्हणाले, "मला सरकारनं थांबवलं, तुला तुज्या मान्सांनी. आता दोगं बी हितंच."

मग हात झटकत विचारलं, "ती मोबाइलवरची हलगी कशी वाटतीया?"

"घाण," मी म्हटलं.

"व्हय. घाणच असनार. त्या पोरीला धाडून दे माज्याकडं, वर्षालीला. तिच्या हातात ठेका हाय. शिकनार असंल तर मी शिकवतो. पर रडायचं न्हाई, हात फुटत्यात पहिल्यांदा."

माही

*

दापोडी
गुरुवार, ४ सप्टेंबर

स्वरूपा,

सहाही जण परत आले. विमानतळावर मी गेले नाही, मला कोणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रविराज दारात उभा. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आत न येताच म्हणाला, "सहा गेले, सहा आले. अम्मींना सांगा, त्यांचे लाडू विमानातच संपले." मी त्याला चहाला बसवलं. बसला. नाटकाबद्दल बोलला, माझ्याबद्दल काही बोलला नाही. तूर्त एवढंच. मला वाटलं होतं, सगळं सांगून मोकळं झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तालमीला जाते, मागच्या बाकावर बसते, कोणी विचारलं तर सांगते.

बाकीचं सगळं मला वर्षालीकडून कळलं. तू पहिल्या दिवशी चौकाच्या कडेला उभी राहून नाटक बघितलंस आणि न भेटता निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी सहा जणांची पोळी-भाजी घेऊन आलीस आणि रविराज लांब जाऊन बसला. चटणीचा डबा वर्षालीने तिथेच दिला. काकूंकडून तो तिने गुपचूप आणला होता. तू झाकण उघडून वास घेतलास आणि पुन्हा बंद केलास म्हणे.

तिसऱ्या दिवसाचं ती हातवारे करून सांगत होती. अण्णांकडे शिकून हलगी आता तीच वाजवते. सकाळपासून पावसाची भुरभुर, हलगीचं कातडं ओलं होऊन ढिलं पडलेलं, थाप मारली तर पुठ्ठ्यासारखा आवाज. ते शेकून ताणायला चौकात जाळ करायची परवानगी नाही. प्रयोगाला वीस मिनिटं. रविराज आयोजकांशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत भांडत होता. तू त्याच्या हातातून हलगी घेतलीस आणि समोरच्या पिझ्झावाल्याच्या दुकानात शिरलीस. तो माणूस ओरडला, तू त्याच्या भाषेत त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलीस. मग त्याने भट्टीचं दार उघडलं. रविराज मागोमाग आत आला होता. तू एका बाजूने धरलीस आणि त्याला म्हणालीस, "तिकडून धर. फिरवत राहा, नाहीतर जळेल." त्याने धरली. तुमच्या दोघांचं बोलणं तिथे सुरू झालं असं वर्षाली म्हणाली. काय बोललात ते भट्टीच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही आणि तो सांगत नाही.

प्रयोगाचा व्हिडिओ मी अण्णांकडे जाऊन दाखवला. त्यांनी फोन कानाला लावला, बघितलं नाहीच. शेवटपर्यंत ऐकलं. "डावा हात लवकर पडतुया तिचा," म्हणाले. मग म्हणाले, "पुन्यांदा लाव." चार वेळा लावला. पण पुढच्या वेळी तुम्ही नक्की जाल असं मी म्हणायला गेले, तर त्यांनी हात करून थांबवलं. "त्ये बोलू नगंस. मी काय आता कुनाला माजे बंध दाखवत बसनार न्हाई. त्यांना ऐकायचं आसंल तर त्यांनी हितं यावं." त्यांचं बरोबर आहे आणि त्यात माझा हात आहे, दोन्ही मला रोज बघावं लागतं.

मी वर्षालीला विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, "निघताना त्यांनी विचारलं, माही अजून चिडते का? मी म्हटलं, रोज. तर हसल्या."

मला हसायला आलं नाही. मी सहा पत्रं लिहिली, तू पाच ओळी लिहिल्यास, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या. तू मला एवढं तरी सांगायला हवं होतंस की तू बरी आहेस. तो पासपोर्ट देऊन मी बरं केलं की वाईट, हे मी इकडे बसून कशावरून ठरवू?

असो. कामाचं लिहिते. जानेवारीत तिकडची मंडळी येणार आहेत. अण्णांनी म्हटलं तसंच व्हायचंय, पहिला प्रयोग निघोज्यात, त्यांच्या अंगणाशेजारच्या मोकळ्या जागेत. त्यांच्यातले दोन वादक अण्णांकडे आठवडाभर हलगी शिकायला राहणार. सभागृह अजून मिळालेलं नाही, मिळेल असं वाटतही नाही. उतरायची सोय नेहमीसारखी घराघरांत. मार्गाबाईंनी कळवलंय की, या वेळी दुभाषी म्हणून त्यांनी तुला विचारलं आहे आणि तू अजून हो म्हटलेलं नाहीस. तुझा भाऊ दोन वर्षांपूर्वी वाकडला राहायला गेला, इकडे फिरकत नाही. तुला कोणी काही बोलणार नाही असं मी म्हणणार नाही. बोलतील. पण आधी त्यांची गाठ माझ्याशी पडेल.

कोण कुठे उतरणार याची यादी रविराजने माझ्याकडे दिली आहे. एवढंच काम त्याने मला दिलंय. काल काकूंकडे गेले, विचारलं, तुमच्याकडे किती जणी चालतील? पुढची खोली त्यांनी चुन्याने रंगवून घेतली आहे. म्हणाल्या, "एकच. अन् ती दुसरी कुणी असली तर न्हाई चालायची."

काकूंच्या नावापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. यादी तीस तारखेला पाठवायची आहे. त्याआधी कळव.

माही